रेपो दर उतरला, आमच्या कॅश क्रेडिटचा दर मात्र जागेवरच. असं का?

काजूगर | 8 डिसेंबर 2025, रात्री 9:42

शुक्रवारी रिझर्व्ह बँकेने रेपो दर आणखी पाव टक्का उतरवून 5.25 वर आणला. वर्षाच्या सुरुवातीला तो 6.50 होता. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि आता डिसेंबर, मिळून सव्वा टक्का खाली. दर वेळी बातम्यांत तेच: 'कर्जदारांना दिलासा'.

आमचा वेंगुर्ल्याच्या बाजूला छोटा काजू कारखाना आहे. बी मार्च ते मे एवढ्यातच उचलावी लागते. ती वाळवून गोणी भरून ठेवायची आणि मग पुढे उकडून, फोडून, सोलून गर विकत राहायचा. पैसा एकदम जातो आणि तुकड्यातुकड्याने परत येतो. त्यासाठी एका सहकारी बँकेत कॅश क्रेडिट आहे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे आणि येतील तसे भरायचे. जानेवारीत दर साडेअकरा होता, आजही साडेअकराच. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "तो रेपो वेगळा, आपला दर वेगळा."

मेहुणा पुण्यात असतो. त्याच्या घरकर्जाचा दर या वर्षात आपसूक उतरला, बँकेत विचारायलाही जावं लागलं नाही. मग आम्हीच काय घोडं मारलंय? जाणकारांनी सांगावं. राजकारण नको.

मालवणी_मसाला | रात्री 9:58

माका पण ह्याच विचारूचा होता. आमची पतसंस्था तर रेपोचा नावच घेणा नाय. पिग्मीवालो मात्र रोज सांजेक दारात उभो.

माजी_शाखाधिकारी | रात्री 10:31

काजूगर, तुमचे मॅनेजर बरोबर बोलले, फक्त अर्धंच बोलले.

बँकांनी सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांसाठी पैसे घ्यायचे, त्याचा दर म्हणजे रेपो. तुमच्या-माझ्या कर्जाचा तो दर नव्हे. पूर्वी तो उतरला तरी बँका महिनोन्‌महिने ढिम्म हलत नसत. 2010 मध्ये बेस रेट आणला, 2016 मध्ये एमसीएलआर आणला, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढायची कर्जदराची मापं, तरी रडगाणं तेच. दर वाढला की लगेच वाढ, उतरला की 'वरून पत्र आलं नाही'. मी काउंटरच्या त्या बाजूला बसून हेच वाक्य लोकांना ऐकवलेलं आहे. शेवटी रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2019 पासून सक्ती केली. व्यापारी बँकांनी बदलत्या दराची नवी घरकर्जं, वाहनकर्जं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापाला बांधायची आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर जुळवून घ्यायचा. तुमच्या मेहुण्याचा दर आपसूक उतरला तो त्यामुळे.

ही सक्ती सहकारी बँकांना नाही. पतसंस्था तर सहकार खात्याच्या अखत्यारीत, तिथे रेपोचा थेट संबंधच येत नाही.

सहकारी बँकेची बाजूही ऐका. तिचा जवळजवळ सगळा पैसा म्हणजे गावातल्या लोकांच्या ठेवी. रिझर्व्ह बँकेच्या दारात ती रोज उभी राहत नाही. गेल्या वर्षी चढ्या दराने दोन वर्षांसाठी घेतलेली ठेव तिला पुरी मुदत सांभाळायची आहे. जुन्या ठेवी पिकून नव्या, कमी दराच्या ठेवी येत नाहीत तोवर कर्ज स्वस्त केलं तर फरक तिच्या नफ्यातून जातो. दर उतरेल, पण ठेवींच्या मुदतीच्या चालीने उतरेल.

कल्टार_आणि_कर्ज | रात्री 10:50

काजूगर, तुम्हाला बँक तरी आहे. आमच्या देवगडात अर्ध्या बागा वाशी मार्केटच्या दलालांच्या पैशावर चालतात.

पावसात मोहोरासाठी कल्टारचं औषध, पाऊस गेला की फवारण्यांवर फवारण्या, मोहोर आला की राखणीला नेपाळी गडी, मग पेट्या, पेंढा, टेंपोभाडं. झाडावरून पहिला आंबा उतरेपर्यंत नुसता खर्च. दलाल आगाऊ रक्कम देतो आणि कागदावर व्याज शून्य. पण माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा, भाव तो सांगेल तो, आणि हातात येते ती पट्टी, म्हणजे सगळं कापून उरलेल्या रकमेची हिशेबाची चिठ्ठी. दुसऱ्या गाळ्यापेक्षा पेटीमागे दोनशे रुपये कमी लागले तर ते काय आहे? व्याजच. हे व्याज मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेत, ठरत नाही, आणि रेपो उतरला म्हणून ते उतरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पीककर्ज घेतो त्याचंही तसंच. 3 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेवर फेडलं की केंद्राची 3 टक्के सूट, आणि उरलेलं राज्य पंजाबराव देशमुख योजनेतून उचलतं. म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला शून्य. हा दर सरकारने ठरवलेला, रेपो 4 असो नाहीतर साडेसहा.

पुणेरी_चाकरमानी | 9 डिसेंबर, सकाळी 8:15

मेहुण्यांच्या वतीने बोलतो. मूळचा राजापूरचा, घर हिंजवडीला, कर्ज रेपोला बांधलेलं. उतरताना मजा वाटते, चढताना काय होतं ते पण ऐका.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो 4 वरून 6.50 वर गेला. अडीच टक्के. आता हिशेब करा. 20 लाख, 20 वर्षं, 7 टक्के दराने हप्ता बसतो 15,506 रुपये. दर साडेनऊ झाला की 20 लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच 15,833. म्हणजे हप्ता तेवढाच ठेवला तर मुद्दल फिटणं सोडा, व्याजही पुरं भागत नाही. ज्यांचं कर्ज अगदी नवं होतं ते या खड्ड्याच्या काठावर आले होते. बऱ्याच बँकांनी न विचारता हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. माझ्या ऑफिसातल्या एकाचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं, आणि हे त्याला स्टेटमेंट काढल्यावर कळलं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, आणि मुदत अशी ताणू नका की व्याजही फिटणार नाही.

ज्यांनी आता दर उतरल्यावर मुदत पुन्हा आखडून घेतली नसेल त्यांनी आज बँकेला ईमेल करा. बँक आपणहून करेलच असं नाही.

शास्त्रीहळद | सकाळी 9:05

सगळे कर्जदार बोलताहेत. ठेवीदाराचं कोणी विचारेल का?

मी निवृत्त शिक्षिका, राहणार चिपळूण. आमच्या आळीत तरुण माणूस शोधावा लागतो. मुलं मुंबई, पुणे, दुबई. घराघरात आहे ती निवृत्तीची रक्कम आणि मुलांनी पाठवलेले पैसे, सगळं मुदत ठेवीत. कर्ज कोणावर? फार तर एखाद्याचं सोनेतारण. रेपो उतरला की यांचा घरखर्चाचा पैसा उतरतो. माझी एक ठेव नोव्हेंबरात पिकली. तीच रक्कम परत ठेवताना साडेसहाच्या वर काही मिळेना. आणि याची बातमी मात्र 'दिलासा' अशी.

माजी_शाखाधिकारी | सकाळी 9:40

बाई, तुमच्या बोलण्यात सगळ्या धाग्याचं मर्म आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठेवी भरपूर आणि कर्जवाटप त्यामानाने कमी, ही आमच्या बैठकांतली जुनी ओरड. चिपळुणात जमलेला पैसा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला कर्ज म्हणून जातो. मग दर उतरला की स्वस्ताई तिकडे आणि व्याजातली घट इकडे. माझं मत असं, की कोकणात व्याजकपात ठेवीदाराला आधी कळते, कर्जदाराला मागाहून.

तुमच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अजून 8.2 टक्के देते, मर्यादा 30 लाख, मुदत 5 वर्षं. तो दर सरकार तिमाहीला जाहीर करतं आणि एप्रिल 2023 पासून तो हललेला नाही. एकदा पैसे भरले की तो दर पाच वर्षं पक्का. पोस्टात जाऊन या. कधी उतरवतील सांगता येत नाही.

हर्णै_बंदर | सकाळी 11:20

आमच्याकडे याचा काय संबंध? मासळी मिळाली तर पैसा, नाहीतर नाही. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, जाळी. जून-जुलै बंदी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना कोण रेपो बघतो?

आकडेमोड | दुपारी 1:10

हर्णैकर, थोडा संबंध आहे, पण तुमचं म्हणणं टाकाऊ नाही. काजूगरांचाच हिशेब मांडून बघू.

समजा बी 160 रुपये किलो आणि तुम्ही 25 टन घेतली. झाले 40 लाख. दहा महिन्यांत ती सारख्या गतीने संपवली तर सरासरी 20 लाख अडकलेले राहतात. साडेअकराने दहा महिन्यांचं व्याज होतं सुमारे 1 लाख 92 हजार. बँकेने सगळा सव्वा टक्का उतरवला असता तर वाचले असते 21 हजार. आता बीचा भाव किलोमागे 10 रुपयांनी इकडेतिकडे झाला तर? अडीच लाख.

छोट्या धंद्यात व्याजाच्या दरापेक्षा मालाचा भाव बारा पट जास्त बोलतो. 21 हजारांसाठी मॅनेजरशी भांडा जरूर, पण झोप उडवून घेऊ नका.

काजूगर | दुपारी 2:02

हिशेब पटला. 21 हजार म्हणजे सोलणीच्या बायकांची काही दिवसांची मजुरी आहे हो, अगदीच सोडून देण्यासारखे नाहीत. पण मग 21 हजारांचाच प्रश्न असेल तर एवढा गाजावाजा कशाला?

जांभा_चिरा | दुपारी 3:30

गाजावाजा तुमच्यासाठी नाहीच, माझ्यासाठी आहे असं समजा. माझी चिरेखाण. मी बँकेचं एक रुपया कर्ज घेतलेलं नाही, तरी माझा धंदा व्याजावर हलतो.

मुंबईकराचं घरकर्ज स्वस्त झालं, हप्त्यात थोडी फट पडली, की त्याला गावचं घर आठवतं. कोणी दापोलीकडे प्लॉट बघतो, कोणी वडिलांचं मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधतो. मग गवंडी, सुतार, वाळू, चिरा, टेंपो, गवंड्याला चहा देणारी टपरी. 2020-21 मध्ये दर 4 टक्के होता तेव्हा आलेल्या चौकशा मला अजून आठवतात, त्यात घरबसल्या कामाचा पण हात होता म्हणा. 2023 मध्ये फोन येत होते, पण "बघतो, कळवतो" जास्त. माझ्या खाणीवर दर चढल्याचा परिणाम दिसायला वर्ष गेलं, उतरल्याचा अजून धड दिसलेला नाही.

माजी_शाखाधिकारी | संध्याकाळी 5:15

चिरेवाल्यांनी पुस्तकात चार पानं लागतात ते एका परिच्छेदात सांगितलं. काजूगर, गाजावाजा यासाठीच. दर तुमच्या कर्जातून तुमच्यापर्यंत येत नसेल, तर गिऱ्हाईकाच्या खिशातून येतो. पुण्यातला माणूस दिवाळीला अर्धा किलो गर घेतो की एक किलो, यात त्याचा हप्ता बसलेला असतो. आणि याला वेळ लागतो. रिझर्व्ह बँक आज दर हलवते ती पुढच्या काही तिमाह्यांकडे बघून.

दुसरी वाट म्हणजे बँकांकडची रोकड. जूनमध्ये दर अर्धा टक्का उतरवला तेव्हाच सीआरआर, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बिनव्याजी रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो तो, 4 वरून 3 टक्के करायचं ठरलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत सुमारे अडीच लाख कोटी मोकळे झाले. बँकेकडे पैसा पडून असला की ती कर्जदार शोधत फिरते. शाखाधिकाऱ्याला टार्गेट येतं. तुमच्यासारख्याला दर मागायची हीच वेळ.

तडकाफडकी | संध्याकाळी 6:48

एवढं सगळं चांगलं असेल तर दर शून्यच करून टाका ना. भांडवलदारांना सवलती आणि गरिबाला साडेअकरा.

आकडेमोड | संध्याकाळी 7:25

तुर्कस्तानात जवळपास हाच प्रयोग झाला. 2021 पासून महागाई चढत असतानाही दर उतरवत नेले, कारण राष्ट्राध्यक्षांचं म्हणणं होतं की चढ्या व्याजानेच महागाई होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली महागाई 85 टक्क्यांवर गेली, लिराची माती झाली. मग उलटं फिरून मार्च 2024 पर्यंत दर 50 टक्के करावा लागला. कर्ज 50 टक्क्यांच्या घरात गेल्यावर कारखानदाराचं काय होत असेल ते काजूगरांना विचारा.

उलट टोकही आहे. अमेरिकेत 1980 च्या आसपास महागाई 14 टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा पॉल व्होल्कर यांनी दर 20 टक्क्यांच्या घरात नेले. महागाई मोडली, पण 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्के झाली. फुकट काही नाही. चढ्या दराची किंमत कोणाची तरी नोकरी असते, आणि वाजवीपेक्षा उतरलेल्या दराची किंमत शास्त्रीहळद बाईंसारख्यांची पुंजी असते.

आपल्याकडे 2016 पासून सहा जणांची समिती दर ठरवते. तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. काम एकच नेमून दिलंय: महागाई 4 टक्क्यांजवळ ठेवा, 2 च्या खाली नको, 6 च्या वर नको. 2022 मध्ये सलग तीन तिमाह्या 6 च्या वर राहिली, तर कायद्याप्रमाणे सरकारला पत्र लिहून खुलासा द्यावा लागला. या ऑक्टोबरात ती 0.25 टक्के होती, म्हणून यंदा कपात करायला जागा मिळाली.

हर्णै_बंदर | संध्याकाळी 7:40

पाव टक्का महागाई?? सुरमईचा भाव विचारून बघा कोणालाही!

आकडेमोड | संध्याकाळी 7:58

हाहा, बरोबर आहे. या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन सुमारे 46 टक्के, पण त्यात मांस-मासळी मिळून 3.61. कोकणातल्या घरात हे वजन किती धराल? यंदा भाजीपाला, कांदा-बटाटा, डाळी उतरल्या म्हणून देशाचा आकडा खाली आला. सरासरी भारतीयाच्या ताटात रोज सुरमई नसते.

पण शास्त्रीहळद, एक बघा. एप्रिल 2022 मध्ये ठेवीवर पाच-साडेपाच मिळत होते आणि महागाई 7.79 होती. पैसा वाढतोय असं वाटायचं आणि प्रत्यक्षात झिजत होता. आज साडेसहा टक्के आणि महागाई नावाला. पासबुकात व्याज कमी दिसतं, पण सध्या ठेव खरोखर वाढते आहे.

शास्त्रीहळद | रात्री 8:20

मान्य, पण माझा औषधांचा आणि मोलकरणीचा निर्देशांक वेगळा आहे हो. तो काही पाव टक्क्यावर नाही. असो, पोस्टात गुरुवारी जाते.

दोडामार्गी | रात्री 9:15

एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि काजूगरांसाठी तीच सगळ्यात मोठी आहे. डॉलर.

आपली काजू बी देशातल्या कारखान्यांना पुरत नाही. मोठे कारखाने आफ्रिकेतून बोटी भरून बी आणतात आणि पैसे डॉलरमध्ये मोजतात. जगभरचा पैसा जिथे व्याज जास्त तिकडे झुकतो. मार्च 2022 मध्ये अमेरिकेचा दर शून्याच्या आसपास होता, जुलै 2023 मध्ये 5.25-5.50. त्या काळात रुपया 80 च्या पार गेला. आणि आता याच महिन्यात 90 ओलांडला. यामागे व्याजदर एकटा नाही, अमेरिकेने लावलेलं 50 टक्के आयातशुल्क आहे, परदेशी गुंतवणूकदारांनी काढलेले पैसे आहेत. पण आपण दर उतरवतो तेव्हा रुपयाला टेकू देणारं एक लाकूड कमी होतं हे नक्की.

रुपया पडला की आफ्रिकेची बी महाग. मग मोठा कारखानदार इकडची बी उचलायला व्यापारी पाठवतो आणि आमच्या बागायतदाराला भाव चढा मिळतो. मी बागायतदार, मला आनंद. काजूगर, तुमचं मात्र आकडेमोड म्हणतात ते दहा रुपये इथून येतात. व्याजात 21 हजार वाचायचे आणि बीमध्ये अडीच लाख जायचे.

कल्टार_आणि_कर्ज | रात्री 9:33

आणि गर बाहेर जातो त्याला डॉलर जास्त मिळतो, ते पण सांगा की.

काजूगर | रात्री 9:50

आमच्यासारखे छोटे कुठले निर्यात करतात? आमचं गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचं आणि मुंबई-गोवा महामार्गावरची दुकानं. त्यामुळे दोडामार्गी म्हणतात ते थेट लागू. गेल्या हंगामातही बी घ्यायला बाहेरचे व्यापारी रोख पैसे घेऊन बांधावर उभे होते आणि आम्ही बँकेतून पैसे सुटायची वाट बघत होतो.

रेल्वेप्रेमी_खेड | रात्री 10:12

थोडं अवांतर. व्याज काय करतं हे बघायचं तर आपली कोकण रेल्वे बघा. 1990 मध्ये महामंडळ झालं. सरकारकडे पुरेसा पैसा नव्हता म्हणून मोठा हिस्सा रोखे काढून बाजारातून उभा केला, आणि नव्वदच्या दशकातले दर दोन आकडी. बोगद्यांत मऊ माती लागली, गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, आणि उशिराचा प्रत्येक महिना व्याजाचा. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा मांडवी-मुंबईचे स्वप्न बघणारे आपण खूश होतो, पण पुढची किती वर्षं कमाईचा मोठा घास व्याजच खात होतं. दुहेरीकरण रखडलं त्याचं एक मूळ इथेही आहे.

तडकाफडकी | रात्री 10:20

म्हणजे शेवटी सगळा दोष व्याजाचाच. मी हेच म्हणत होतो.

रेल्वेप्रेमी_खेड | रात्री 10:24

व्याजाशिवाय रेल्वेच झाली नसती, भाऊ. एसटीने या मग गणपतीला.

काजूगर | 10 डिसेंबर, सकाळी 10:05

सगळ्यांचे आभार. आज एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन आलो. ते रेपोला बांधलेला दर देतो म्हणतात, आत्ताच्या हिशेबाने साडेनवाच्या आसपास. सहकारी बँकेतलं कर्ज तिकडे न्यावं का? आमच्या बँकेने कोविडमध्ये सांभाळून घेतलं होतं, म्हणून जरा संकोच वाटतो.

माजी_शाखाधिकारी | सकाळी 11:30

संकोच बाजूला ठेवून आधी आपल्याच मॅनेजरकडे तो साडेनवाचा कागद घेऊन जा. चांगला खातेदार जाताना दिसला की बऱ्याच बँका अर्धा-पाऊण टक्का सोडतात. तो ठराव शाखेत होत नाही, संचालक मंडळाकडे जातो, तेव्हा अर्ज लेखी द्या.

जायचंच ठरलं तर तीन गोष्टी विचारा. रेपोवर ते किती टक्के लावतात, दर कोणत्या तारखेला बदलतो, आणि जुन्या बँकेचा बोजा उतरवणं, नवीन गहाणखताचं मुद्रांक, प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन धरून एकूण खर्च किती. आकडेमोड यांच्या हिशेबाने 40 लाखांतले सरासरी 20 लाख दहा महिने अडकलेले धरले तर तुमची बचत वर्षाला तीस-पस्तीस हजारांची आहे, तेवढाच खर्च पहिल्या वर्षी झाला तर फायदा दुसऱ्या वर्षापासून. उद्यम नोंदणी अद्ययावत ठेवा, नाहीतर सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून तो दर लागणार नाही. आणि उद्या रेपो चढला तर हाच दर न विचारता चढेल, हे धरून चाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. सात-बारावरचा बोजा उतरवून नवा चढवायला तलाठ्याकडे किती हेलपाटे होतात ते तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मंजुरीपत्र हातात येत नसेल तर यंदा हलू नका. बी बाजारात आली आणि तुमची मर्यादा दोन बँकांच्या मध्ये अडकली, तर साडेनऊ आणि साडेअकराचा प्रश्नच उरणार नाही.

काजूगर | सकाळी 11:52

अर्ज आजच टाइप करतो. मुद्रांकाचा आकडा कळला की इथे टाकेन.